बोलोन्याची ती वाफ ओली होती का कोरडी? जाणकाराइनं सांगा

दारव्हा_मोटरवाला (प्रश्न)

रामराम मंडळी. माही मोटरी भरायची दुकान हाये. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, पिठाच्या चक्कीची मोटर, जे येईन ते भरतो. शिक्षण आयटीआय वायरमन. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उत्तर देतांनी गणित जरा सोपं ठेवसान.

२०११ पासून मी थंड फ्यूजनच्या (म्हणजे भट्टीच्या तापाशिवाय अणुगर्भ जोडून उष्णता काढाची, असा दावा) बातम्या वाचून रायलो. ज्याइले मालूम नाही त्याइच्यासाठी थोडक्यात: त्या सालच्या जानेवारीत इटलीतल्या बोलोन्या शहरात आंद्रेआ रॉसी नावाच्या माणसानं एक यंत्र दाखवलं. नाव ई-कॅट. आत निकेलची पूड, हायड्रोजन, आन् काहीतरी गुपित मसाला. संगं बोलोन्या विद्यापीठाचे प्राध्यापक सर्जिओ फोकार्डी होते. इकून एक किलोवॅट वीज घातली, तिकून बारा किलोवॅट उष्णता निघाली असं त्याइचं म्हणणं. आमच्या इकडं तवा दिवसा लाइन नसायची, ओलित रातच्यानं करा लागे. बारा किलोवॅट म्हटल्यावर माह्या डोक्यात आधी सोळा एचपीच आलं. उष्णता वेगळी आन् वीज वेगळी हे समजते मले, पण माणूस हिशेब आपल्याच मापात करते.

तवापासून पाहून रायलो. त्याच सालच्या ऑक्टोबरात एक मेगावॅटचा कंटेनर. २०१४ ले स्वित्झर्लंडच्या लुगानोत बत्तीस दिवसाची चाचणी. मंग अमेरिकेत फ्लोरिडाले वर्षभराची चाचणी, मंग कोर्ट-कचेरी. २०१९ ले नवं यंत्र, नवं नाव. दरवेळी “आता बाजारात येतेच”. आन् दरवेळी वाचणाऱ्याइचे दोन तट. एक तट म्हणते, तेलवाले आन् सरकारं दाबून रायले. दुसरा तट पहिल्या वाक्यालेच “फ्रॉड” म्हणून मोकळा होते. पहिल्या तटात अडाणी नाहीत बरं, चांगले इंजिनिअर हायेत. दुसऱ्या तटात बी अर्धे असे, का ज्याइनं रिपोर्ट उघडूनसुद्धा पाह्यला नाही.

मले दोन्हीत बसाचं नाही. वीज घालायच्या बाजूनं कशी गंमत होऊ शकते ते मले समजते. बाजारात ते पावर सेव्हरचे डबे विकतेत ना, प्लगात खुपसायचे, बिल अर्धं करतो म्हणणारे. मी उघडून पाह्यले. आत एक कपॅसिटर आन् एक मिणमिणता लाइट. क्लॅम्प मीटर लावला तर अँपिअर खरंच कमी दिसते! गिऱ्हाईक खूश. पण घरचं मीटर युनिट मोजते, अँपिअर नाही, आन् युनिट तेवढेच पडते. म्हणजे डोयासमोर मीटर लावून, एक शब्द खोटा न बोलता, माणसाले बनवता येते. मोजायचीच चीज वेगळी धरली का झालं.

माहं घोडं अडते ते निघायच्या बाजूवर. सगळे शंकेखोर म्हणतेत का बोलोन्यात “वाफ ओली होती”. आता वाफ ओली नाही तं काय कोरडी असते? आन् असली ओली तं त्यानं असा किती फरक पडते? दहा टक्के, वीस टक्के? बारा किलोवॅटचे दहा झाले तरी एकाचे दहाच की. कोणी नीट समजावून सांगन काय?

---

अकोट_संत्रा

भाऊ, इथं डीपी जळाली तर दुसरी येईस्तोर बागेचा बहार गळते, आन् तुम्ही इटलीची वाफ मोजून रायले. करा बाप्पा करा, तुमचंच बरं हाये.

---

तिरोडा_बॉयलर

मोटरवाले भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या कामाचा निघाला जी. मी उसना तांदळाच्या राइस मिलमध्ये बॉयलर चालवतो. दोन टनी बॉयलर, जळण धानाचा भुसा, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट. न्यूट्रॉन-बिट्रॉन मला विचारू नका. वाफेचं विचारा.

आधी तुमचं पहिलं. हो जी, वाफ कोरडी असते. खरी कोरडी वाफ दिसतच नाही. टेस्ट कॉक थोडा उघडा आणि तोंडाजवळ नीट पाहा. (बाजूनं पाहा, हात-तोंड समोर नेऊ नका.) वाफ कोरडी असेल तर तोंडापासून बोट-दोन बोटं काहीच दिसत नाही, काचेसारखं मोकळं, आणि त्याच्या पुढं पांढरा धूर सुरू होतो. ओली असेल तर तोंडातूनच पांढरी निघते आणि बारीक थेंब थुंकते. गेज ग्लासमध्ये पाणी वर चढलेलं राहिलं, किंवा एकदम मोठा व्हॉल्व्ह उघडला, की बॉयलर पाणी उचलते. वाफेसोबत पाणी लाइनीत जाते. मग धान एकीकडं शिजते, एकीकडं नुसतं भिजते, आणि मालक येऊन माझ्या डोक्यावर उभे राहतात.

आता मुद्द्याचं. थर्मामीटरला हा फरक कळत नाही जी! मोकळ्या हवेच्या दाबाला उकळतं पाणी १०० डिग्री, ओली वाफ १०० डिग्री, कोरडी वाफही १०० डिग्री. तिन्ही ठिकाणी काटा तिथंच.

पण उष्णता? एक किलो पाणी १५ डिग्रीवरून १०० वर न्यायला ८५ किलोकॅलरी लागतात. त्याच एक किलो पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. पाणी तापवणं हे चिल्लर काम आहे, जळण खाते ती वाफ. आमच्या धंद्यात हे ५४० पाठ असते.

मी बोलोन्याचे जानेवारीचे आकडे या हिशेबात बसवून पाहिले. पाणी तासाला साडेसतरा लिटर धरा, आत येताना १५ डिग्री.

सगळ्या पाण्याची कोरडी वाफ झाली असं मानलं: साडेसतरा गुणिले ६२५, म्हणजे १०,९३७ किलोकॅलरी. भागिले ८६०. (तासाला ८६० किलोकॅलरी म्हणजे एक किलोवॅट.) आले १२.७ किलोवॅट. म्हणजे त्यांचा बाराचा आकडा असाच निघाला आहे.

आता माना की पाणी नुसतं १०० ला पोहोचलं आणि वाफ नावालाच झाली: साडेसतरा गुणिले ८५, म्हणजे १,४८७. भागिले ८६०. आले १.७ किलोवॅट.

यंत्र तेच, पाणी तेच, थर्मामीटर तोच. एक हिशेब १२.७, दुसरा १.७. तुम्ही विचारलं दहा टक्के की वीस टक्के. मधले अकरा किलोवॅट पूर्णच्या पूर्ण या एका गोष्टीवर टांगलेले आहेत की वाफ कोरडी होती.

मग ती कोरडी आहे हे त्यांनी पाहिलं कशानं? हवेतली आर्द्रता मोजतात त्या जातीचा प्रोब नळीत घालून. तो प्रोब वाफ मोजते जी, वाफेत तरंगणारं पाणी मोजत नाही. आणि इथं आणखी एक गंमत आहे. एक लिटर पाण्याची वाफ जवळपास १६७० लिटर जागा घेते. म्हणजे शंभरातलं दोनच हिस्से पाणी वाफ झालं आणि अठ्ठ्याण्णव पाणीच राहिलं, तरी नळीत जागेच्या मानानं वाफच वाफ दिसते. डोळ्याला वाफ, प्रोबला वाफ, वजनाला पाणी.

उलटही पाहा. साडेसतरा लिटरची सगळी वाफ खरंच झाली असती तर तासाला २९ हजार लिटर वाफ त्या नळीतून निघाली असती. ती शिट्टी मारते. त्याच वर्षी जूनमध्ये स्टीव्हन क्रिव्हिट नावाचे पत्रकार बोलोन्याला जाऊन आले, त्यांचा व्हिडिओ आहे. त्या दिवशीच्या चाचणीत पाणी यापेक्षा कमी होतं, ते मान्य. पण त्यात रॉसी रबरी नळीचं तोंड वर धरून दाखवतात ती वाफ पाहून माझा फायरमन पोरगा म्हणाला, “काका, एवढी तर आपल्या गळक्या ट्रॅपमधून निघते.”

हे सगळं भांडण एका ड्रमनं मिटलं असतं. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, पंचवीस डिग्रीचं पाणी भरा, वाफेची नळी तळापर्यंत बुडवा. एक तास सोडा. कोरडी वाफ असेल तर ड्रम ७४ डिग्रीवर जाईल. नुसतं गरम पाणी येत असेल तर ३१ वर. ड्रमच्या अंगातून जाईल ती उष्णता सोडा, दोन-चार डिग्री इकडंतिकडं. चौऱ्याहत्तर आणि एकतीसमधला फरक सांगायला थर्मामीटरही नको, बोट बुडवलं तरी कळते. हे मीच शोधलं असं नाही. त्याच वर्षी किती लोकांनी हेच मागितलं. प्रोब बदलले, पाहुणे बदलले, ड्रम काही आला नाही. मला शंका तिथं येते.

---

वरुड_प्रयोगी

तिरोडाकाका, हिशेब एक नंबर. पण तुमच्याच हिशेबात तुम्ही एक गोष्ट सोडून दिली! आत एक किलोवॅट गेलं. तुमच्या सगळ्यात कंजूष हिशेबानंसुद्धा बाहेर १.७ आलं. मग वरचे ७०० वॅट कुठून आले? ज्यांना शून्यच पाहायचं असते ते इथं कधी थांबतच नाहीत.

आणि एक सांगतो. रॉसी म्हणजे थंड फ्यूजन नव्हे. मी स्वतः रॉसीला केव्हाच सोडलं. पण १९८९ च्या मूळ प्रयोगावर जो अन्याय झाला त्याचं काय? तो करणारे मार्टिन फ्लाइशमन हे काही भोंदू नव्हते, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं मोठं नाव, रॉयल सोसायटीचे फेलो. पॅलेडियम धातूच्या कांडीत ड्युटेरियम (जड हायड्रोजन) ठासून भरायचं असते. दर पॅलेडियम अणूमागे ०.९ च्या आसपास ड्युटेरियम गेल्याशिवाय जास्तीची उष्णता दिसत नाही असं नंतर एसआरआय या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या मायकेल मॅक्कुब्रे यांनी मांडलं. १९८९ मध्ये घाईघाईत “आम्हाला काही दिसलं नाही” म्हणणाऱ्या कितीतरी प्रयोगशाळा तिथपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. अर्धवट भरलेल्या कांडीवर निकाल देऊन टाकला.

बरं, हा विषय खरंच मेला असता तर गूगलनं २०१५ पासून त्यावर एक कोटी डॉलर कायले लावले असते? २०२३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एआरपीए-ई नं आठ गटांना मिळून एक कोटी डॉलर दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या गटाचा पेपर थेट ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला: पॅलेडियममध्ये विजेनं ड्युटेरियम भरलं तर फ्यूजन १५ टक्क्यांनी वाढते. दरवाजा थोडा किलकिला ठेवायला काय जाते?

आमच्याकडं संत्र्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता उठा लागते. सापाच्या भीतीनं बॅटरी आणि काठी घेऊन जावं लागते. ज्याले एसी ऑफिसात बसून शंका काढायच्या त्यानं काढाव्या.

---

तिरोडा_बॉयलर

एसी ऑफिस? माझ्या बॉयलर शेडमध्ये या एकदा मे महिन्यात.

तुमचे ७०० वॅट मी खात नाही जी, पकडलं ते बरोबर पकडलं. पण दावा बाराचा होता. तो १.७ वर आला म्हणजे खेळ बदलला. बाराच्या वेळी थर्मामीटर दोन इंच इकडं की तिकडं याला कोणी विचारत नाही. एकाचे पावणेदोन म्हटलं की मग सगळंच विचारावं लागते: थर्मामीटरचं टोक पाण्यात होतं की तापलेल्या लोखंडाला टेकलेलं, पाणी तासभर तेवढंच येत होतं का, आधी तापवून ठेवलेल्या धातूची उष्णता किती. ते विचारल्याशिवाय सातशे वॅटला नवीन नाव देता येत नाही. आणि ड्रमनं हे सातशेही दाखवले असते.

मेगावॅटचंही ऐका. एक मेगावॅट म्हणजे तासाला ८ लाख ६० हजार किलोकॅलरी, म्हणजे वाफेच्या भाषेत दीड टनाच्या वरचा बॉयलर. आमच्यापेक्षा थोडा लहान. असा बॉयलर फ्लोरिडातल्या एका गोदामात वर्षभर चालला म्हणतात, २०१५-१६ मध्ये. मला कोणी सांगा, ती वाफ गेली कुठं? आमच्याकडं तेवढी वाफ रोज ट्रकच्या ट्रक धान शिजवते. शेजारच्याला, रस्त्यावरच्याला, सगळ्यांना कळते बॉयलर चालू आहे. कोर्टाच्या कागदात निघालं की वाफ विकत घेणारी कंपनी रॉसीच्याच वकिलाच्या हाताखाली होती. आणि त्याच कागदात पाण्याचा रोजचा आकडा: ३६,००० किलो. जवळपास महिनाभर रोज तोच, एक किलो इकडचा तिकडं नाही! भाऊ, माझं लॉगबुक येऊन पाहा. भुसा ओला आला तर आकडा वेगळा, लाइन गेली तर वेगळा, अमावस्येला लेबर कमी तर वेगळा. सलग दोन दिवस सारखा आकडा लिहिला तर इन्स्पेक्टर विचारतो, “घरी बसून भरलं का?”

---

मास्तर_निवृत्त (अमरावती जिल्हा)

पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. तिरोडाकरांच्या ड्रमला माझा नमस्कार. हा हिशेब मी बारावीला परीक्षेत घालायला हवा होता.

वरुडच्या मित्राच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं, कारण ते हवेतले नाहीत. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियमची कांडी, प्लॅटिनमची तार, वीज सोडली की घातली त्यापेक्षा जास्त उष्णता. आम्ही स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र ओढाओढी करून वाचलं. पॅलेडियम सोडलं तर यातलं काय आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाही, असं आमचे रसायनशास्त्राचे सर म्हणाले होते. त्या घोषणेचं सगळं आकर्षण याच वाक्यात आहे. सूर्य करतो ते काम काचेच्या भांड्यात, कुठल्याही तालुक्याच्या गावी.

आणि आपल्या देशानं ते थट्टेवारी नेलं नव्हतं, हे आजच्या मुलांना ठाऊक नसतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तेव्हा पी. के. अय्यंगार संचालक होते. आपल्या अणुभट्ट्या जड पाण्यावरच्या, त्यामुळे ते हाताशी होतं, हाताळायची सवय होती. त्याच एप्रिलपासून तिथल्या वेगवेगळ्या गटांनी प्रयोग लावले. महादेव श्रीनिवासन त्यात पुढे होते. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (ड्युटेरियमहूनही जड हायड्रोजन) मिळाल्याचे निष्कर्ष त्यांनी त्याच वर्षी अहवालात छापले. पुढे नव्वदच्या दशकात ते काम थांबलं. श्रीनिवासन यांनी मात्र विषय सोडला नाही. २०११ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईला भरली, आणि २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’नं त्यावर लेखांचा खास विभाग काढला, तोही त्यांच्याच सहसंपादनाखाली. तेव्हा “या विषयाकडे शहाणी माणसं बघतच नाहीत” असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तरीही मी शंकेखोरांत बसतो, आणि त्याचं कारण उष्णता नाही. ड्युटेरियमच्या दोन अणुगर्भांचं फ्यूजन झालं की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो. हे प्रयोगशाळेत हजारदा मोजलेलं आहे. त्या हिशेबानं नुसती एक वॅट उष्णता मिळवायची तर सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. युटाच्या दाव्यात उष्णता वॅटांमध्ये होती आणि दोघे प्राध्यापक भांड्याशेजारी हसत उभे होते. त्या काळी भौतिकशास्त्रज्ञांत एक कडू विनोद होता: तुमचा मदतनीस विद्यार्थी अजून जिवंत कसा? ट्रॉम्बेलाही जे दिसलं त्यात ट्रिटियम भरपूर आणि न्यूट्रॉन त्याच्या मानानं अगदीच नगण्य होते. नेहमीच्या फ्यूजनमध्ये ही दोन्ही जवळपास सारखी यावीत. यावर समर्थक म्हणतात, धातूच्या जाळीत काही निराळीच प्रक्रिया होत असेल. असेल. पण मग तिचा नियम सांगा, आणि जो कोणी त्या नियमानं प्रयोग लावेल त्याला दिसू द्या. पस्तीस वर्षांत हेच जमलेलं नाही.

गूगलचं म्हणाल तर त्याचा निकालही सांगा की! २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तीसेक संशोधक, काही वर्षांचं काम, आणि थंड फ्यूजनचा पुरावा सापडला नाही. पॅलेडियममध्ये इतकं ड्युटेरियम भरणं किती कठीण आहे हेही त्यांनी लिहिलं, तेवढा तुमचा मुद्दा खरा. २०२५ चा व्हँकुव्हरचा पेपर चांगला आहे, मी आनंदानं वाचला. पण त्यात ड्युटेरियमचे आयन वेगानं पॅलेडियमवर आदळवलेत. फ्यूजन त्या आदळण्यानं होतं, विजेनं भरल्यामुळे ते १५ टक्के वाढतं. घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त मिळाली असा दावा त्या मंडळींनीच केलेला नाही. आणि त्यांनी मोजले काय? न्यूट्रॉन. जे नेहमी मोजायला हवे होते तेच.

लुगानोबद्दल मोटरवाल्यांनी विचारलं नाही, पण त्यांना आवडेल म्हणून सांगतो. तिथे वाफच नव्हती. अ‍ॅल्युमिनाची तापलेली नळी आणि दुरून बघणारा इन्फ्रारेड कॅमेरा. अशा कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं की पृष्ठभाग किती उत्सर्जन करतो. तो आकडा चुकीचा दिला की तापमान भलतंच वर दिसतं. नंतर ‘मार्टिन फ्लाइशमन मेमोरियल प्रोजेक्ट’च्या स्वयंसेवकांनी तशीच नळी केली, आत नुसता हीटर ठेवला, कुठलाही मसाला नाही, आणि कॅमेऱ्याची ही गफलत दाखवून दिली. ही मंडळी मनानं समर्थक आहेत बरं का. आशा ठेवून प्रयोग करणारे आणि निकाल उलटा आला तरी जगासमोर मांडणारे. मला त्यांच्याबद्दल टीकाकारांपेक्षा जास्त आदर वाटतो.

---

वरुड_प्रयोगी

सर, ते प्रोजेक्टवाले मीही फॉलो करतो. त्यांच्यामुळंच रॉसी सोडला. न्यूट्रॉनवर माझ्याकडं उत्तर नाही, पण “नियम सांगा मग पाहू” हे मला पटत नाही. सुपरकंडक्टिव्हिटी १९११ मध्ये दिसली आणि तिचा सिद्धांत १९५७ मध्ये आला. तोवर काय ती नव्हती?

---

मास्तर_निवृत्त

होती, कारण पारा द्रवरूप हेलियमनं थंड केला की ती दरवेळी दिसायची, लायडनला काय आणि दुसरीकडे काय. मी सिद्धांत मागत नाहीये. काय केलं की हमखास दिसतं, एवढी कृती मागतोय. पुरणपोळीची देतात तशी.

---

अकोट_संत्रा

ह्या धाग्यात आता जेवणाचा विषय निघाला म्हणजे मी थांबतो.

---

दारव्हा_मोटरवाला

सगळ्याइचे आभार. तिरोडाभाऊ, ७४ आन् ३१ हे मी दुकानीच्या पाटीवर खडूनं लिहून ठेवलं. कालपासून तिघा गिऱ्हाइकाइनं विचारलं, हा कायचा भाव हाये म्हणून.

मले आता एक समजलं का इतके इंजिनिअर काहून फसले. थर्मामीटर खरा, पाणी खरं, प्रोब बी खरा. पावर सेव्हरसारखंच, नुसतं तिथं अँपिअर होते आन् इथं डिग्री.

पण वरुडच्या भाऊचं रातच्या ओलिताचं म्हणणं मी बी विसरणार नाही. माह्याकडं जळलेल्या मोटरी जास्ती रातच्याच येतेत. लाइन कमी दाबानं येते, माणूस झोपीत स्टार्टर दाबून घरी जाते, सकाळी कॉइल कोयसा. अशा माणसाले कोणी बारा किलोवॅट दाखवलं तं तो पाहीनच. त्याले हसणाऱ्याइचा मले राग येते, दाखवणाऱ्याचा त्याहून जास्ती.

आता विचारतो ते कामाचं. रॉसीच्या नव्या यंत्रातून म्हणे वाफ नाही, सरळ वीजच निघते, शंभर वॅटचं म्हणतेत. मंग तं ड्रम बी नको. घरगुती मीटर दोन, एक आत जायच्या तारीवर, एक बाहेरच्या. डीसी असन तं इन्व्हर्टर मधात टाका, त्याचा घाटा मी सोडून देतो. नाहीतं आत काहीच जोडू नका, पंधरा दिवस एक बल्ब चालवून दाखवा, डबा टेबलावर मोकळा, चारी बाजूनं तार दिसली पायजे. बॅटरी किती मोठी दडवता येते त्याचा हिशेब मास्तर सांगतीन. याच्यात कुठं फट रायली काय?

---

तिरोडा_बॉयलर

टेबल कोणाचं ते पाहा. आपलं पाहिजे.

---

मास्तर_निवृत्त

शंभर वॅट पंधरा दिवस म्हणजे ३६ युनिट. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव युनिट धरलं तरी दीडशे किलोच्या आसपास बॅटरी लागेल. डबा आधी वजनकाट्यावर ठेवा. दहा किलोच्या आत असेल तर पंधरा दिवसही नकोत, तीन दिवस पुरे.

---

दारव्हा_मोटरवाला

वजनकाटा शेजारच्या अडत्याकडं हाये, कपाशीचा. वरुडभाऊ, तुमची इंग्रजी चांगली हाये, तुम्ही त्याइले हे लिहून पाठवसान काय? मीटर, बल्ब आन् टेबल माह्याकडून.

---

वरुड_प्रयोगी

लिहितो. मसुदा इथंच टाकतो, मास्तरांनी एकदा पाहून द्यावा. उत्तर आलं तर जसंच्या तसं चिकटवीन, नाही आलं तर तेही सांगीन.